साध्या कपड्यांतला हात

"तुमच्यापैकी पोलिसासारखा कोण दिसत नाही?" मॅडमनी विचारलं आणि चौकीतले सगळे आपापल्या पोटाकडे बघायला लागले.

मॅडमना या गावात बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते. पोस्टासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर पोलिसाने हात केल्याशिवाय एकही गाडी थांबत नाही, म्हातारी माणसं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात, अशा तक्रारी त्यांच्या कानावर आल्या आणि त्यांनी मोहीम ठरवली. आपल्यातला एक जण साध्या कपड्यांत पट्ट्यांवरून चालेल. जी गाडी त्याच्यासाठी थांबणार नाही, ती पुढच्या वळणावर अडवायची आणि दंडाची पावती फाडायची. युक्ती सोपी होती. फक्त पट्ट्यांवर चालणारा माणूस दुरून पोलीस वाटता कामा नये, आणि आमच्या चौकीत असं ध्यान मिळणं कठीण होतं.

"आपले सिग्नलकाका गणवेश काढला की अगदी..." कोपऱ्यातून कुणीतरी बोलून गेलं आणि जीभ चावून गप्प बसलं.

"अगदी काय?"

"अगदी पाप्याचं पितर दिसतो, असं म्हणायचंय त्याला," खिडकीपाशी उभे असलेले हवालदार स्वतःच म्हणाले.

गावात सिग्नलचा खांब कधी आलाच नाही. तीसेक वर्षं पोस्टासमोर उभा राहून हा किडकिडीत माणूसच हात वर-खाली करत होता. शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव सिग्नलकाका ठेवलं. पोरं मोठी होऊन गाड्या उडवायला लागली, तरी नाव तेच राहिलं.

"मग ठरलं. तुम्हीच चला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, काकांना नको," पावतीबाई पुढे झाली. ही चौकीतली सगळ्यात नवी शिपाई. पावती इतक्या चटकन फाडायची की तिचं खरं नाव सगळे विसरून गेले होते.

"का नको?"

पावतीबाई इतरांकडे बघायला लागली आणि इतर जमिनीकडे. शेवटी हवालदारच म्हणाले, "मी जातो मॅडम. मला काही अडचण नाही."

अडचण काय होती ते मॅडम सोडून सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी त्याच पट्ट्यांवर हवालदारांची बायको गाडीखाली गेली होती.

आता हवालदारांनी हो म्हटलं ते वरिष्ठांचा शब्द मोडवत नाही म्हणून, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

ती गाडी लॉन्ड्रीवाल्याची होती. करड्या रंगाची व्हॅन, मागे दांडीला इस्त्रीचे कपडे टांगलेले. रोज दुपारी तो घरोघर कपडे पोचवायला निघायचा. अपघात झाला तेव्हा तो पळून गेला नाही. त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं. पण हवालदारांच्या लेखी त्याला काडीची किंमत नव्हती. कारण कोर्टात तो म्हणाला होता, "बाई थांबल्याच नाहीत. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. सरळ समोर बघत चालत आल्या."

हवालदार भर कोर्टात उठून उभे राहिले होते. "खोटं बोलतोस! हवालदाराची बायको होती ती. रस्ता कसा ओलांडायचा हे तिला तू शिकवणार?"

न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. लॉन्ड्रीवाल्याला दंड झाला, लायसन काही महिने जप्त झालं आणि मग परत मिळालं. व्हॅन पुन्हा गावात फिरायला लागली. बायको गेल्याचं दुःख हवालदारांनी कसंबसं गिळलं असतं. पण जिचा जीव घेतला तिच्याच माथी दोष मारून हा माणूस मोकळा झाला, ते काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. चौकात करडी व्हॅन दिसली की ते पाठ फिरवायचे. गाडीकडे पाठ करून उभा राहणारा वाहतूक हवालदार कुणी पाहिलाय? पण त्याचं तोंड बघायचं नाही म्हणजे नाही.

आणि आता मॅडमच्या मोहिमेमुळे आयती संधी चालून आली होती. दुपारी व्हॅन येणार. पट्ट्यांवर साध्या कपड्यांतला एक माणूस असणार. ज्याला तेव्हा बाई दिसली नाही, त्याला आज बाप्या काय दिसणार? तो थांबणार नाही, पुढे पकडला जाईल, आणि चूक कुणाची होती ते सगळ्या गावाला कळेल. एवढ्यासाठी ते त्या पट्ट्यांवर दिवसभर चालायला तयार होते.

कपडे बदलायला ते घरी गेले. मुलगी आलेली होती. तिचं सासर गावातच. आई गेल्यापासून स्वतःचं घर उरकून ती रोज वडिलांच्या घरी एक फेरी मारायची.

"साधे कपडे कुठे आहेत गं?"

"कुणाचे?"

"माझे."

मुलीला हसू आलं. कपाटात गणवेशांच्या थप्पीखाली चौकड्यांचा एक शर्ट निघाला. बायकोने हौसेने आणलेला आणि घडीसुद्धा न मोडलेला. तो घालून हवालदार आरशासमोर उभे राहिले. गणवेशात खांदे आपोआप ताठ व्हायचे. या शर्टात ते कुठे ठेवायचे तेच त्यांना कळेना.

"बाबा, नाही म्हणून सांगा ना मॅडमना. त्या काय खाणार आहेत का?"

"तो आज सापडेल."

तो म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. "सापडला म्हणून आई परत येणार आहे का?"

"तिच्यावरचा ठपका तर जाईल." हवालदारांनी वरचं बटण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं.

मुलीने त्यांची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "दुपारी डबा घेऊन येते."

"तू नको येऊस. त्या रस्त्याने तू जात नाहीस."

ते खरं होतं. वर्षभर ती बाजारालासुद्धा मागच्या गल्लीतून वळसा घालून जात होती.

"तुम्ही असाल ना तिथे," ती म्हणाली. "मग येते."

पट्ट्यांच्या कडेला येऊन उभं राहिल्यावर हवालदारांच्या ध्यानात आलं की आपल्याला रस्ता ओलांडता येत नाही.

हसू नका. सगळा जन्म रस्त्यावर गेला, पण तो रस्त्याच्या मधोमध. पलीकडे जायचं असलं की हात वर करायचा, गाव थांबायचं, आपण चालायचं. कडेला उभं राहून वाट बघायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. सवयीप्रमाणे त्यांनी हात वर केला आणि पाऊल टाकलं. एक मोटारसायकल त्यांच्या पोटाजवळून अशी गेली की शर्टाचं टोक उडालं.

"ओ आजोबा, घरी सांगून निघालात का?" मोटारसायकलवाला ओरडला.

पुढच्या वळणावर पावतीबाईने त्याला धरलं. त्यामागून एक गाडी न थांबता सुटली, मग एक टेम्पो, मग औषधाच्या दुकानाचा मालक. हा तर रोज हवालदारांना "काय काका, बरं आहे ना?" म्हणत जाणारा. आज त्याने त्यांच्याकडे बघून नुसता हॉर्न दाबला. पावती हातात पडल्यावर गाडी तिथेच सोडून तो धापा टाकत मागे आला.

"अहो काका, तुम्ही आहात हे आधी सांगायचं ना! मी थांबलो नसतो का? मला वाटलं असाच कुणीतरी माणूस आहे."

"असाच माणूस असता तर?"

"तसं नाही हो..." म्हणत तो पावतीची घडी घालून निघून गेला.

हवालदारांना राग यायला हवा होता. पण त्यांना भीती वाटली. हीच गाडी, हाच माणूस. कालपर्यंत यांनी बोट उचललं की खिळल्यासारखा उभा राहायचा. म्हणजे तो त्यांच्यासाठी थांबतच नव्हता, त्यांच्या कपड्यांसाठी थांबत होता. हा हात एवढी वर्षं उगाच मिरवत होता.

ते कडेला उभे राहून असेच कुणीतरी लोक रस्ता कसा ओलांडतात ते बघायला लागले. प्रत्येकाची आपली एक तऱ्हा होती. कुणी एक पाय पुढे टाकून गाडीचा अंदाज घ्यायचा आणि चटकन मागे यायचा. कुणी दुसऱ्याच्या आडोशाने निघायचा. एक बाई अर्ध्यात थांबून पिशवी छातीशी धरायची, जणू पिशवी आणि गाडी यांच्यात आधी पिशवी लागेल. या सगळ्यांच्या अगदी जवळ उभं राहून त्यांनी नोकरी केली होती आणि यातलं काही म्हणजे काही त्यांना दिसलं नव्हतं.

काठी टेकत एक म्हातारी त्यांच्या शेजारी येऊन थांबली. तिने त्यांची एक-दोनदा फजिती पाहिली असावी.

"असा हात वर करून काय चालता हो? तुम्ही काय पोलीस आहात?" ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. त्याने आपल्याला पाहिलं असं वाटलं, तरच पाऊल टाकायचं. गावात नवे दिसता."

"हो, नवाच आहे," हवालदार म्हणाले.

म्हातारी डोळे बारीक करून एकेका गाडीकडे बघत, थांबत थांबत पलीकडे गेली. ती गेली तरी तिचं बोलणं हवालदारांच्या डोक्यातून जाईना. हे असं बघायला आपल्या बायकोला कुणी शिकवलं होतं?

ती रोज दुपारी डबा घेऊन यायची. पट्ट्यांपाशी ती दिसली की हवालदार दोन्ही हात पसरायचे. बस असो, ट्रक असो, दोन्हीकडचा रस्ता गप्प व्हायचा आणि त्यातून ती मान सरळ ठेवून चालत यायची. इकडे नाही, तिकडे नाही, नजर फक्त यांच्यावर. शेजारणींना सांगायची, "आमचे हे उभे असले की वारासुद्धा विचारून पुढे जातो." एकदा ते तिला म्हणाले होते, "अगं, निदान एकदा गाड्यांकडे बघत तरी जा."

"तुम्ही उभे असताना? बघितलं तर लोक म्हणतील, हिचा नवऱ्यावर भरवसा नाही."

तेव्हा ते खूश झाले होते. दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते.

ती गेली त्या दिवशी ते इथे नव्हते. गावाच्या दुसऱ्या टोकाला ट्रक उलटला म्हणून त्यांना घाईने तिकडे पाठवलं होतं. डबा आणू नकोस, एवढा फोन करायचा राहून गेला.

विचार इथवर आला आणि हवालदारांनी तो झटकून टाकला. ती भोळी होती, पण वेडी नव्हती. मी तिथे नाही हे दिसल्यावर बघितलं असेलच तिने. खोटं तो बोलतोय. त्यांनी घड्याळात बघितलं. व्हॅनची वेळ झाली होती.

ते पोस्टाच्या बाजूला होते. रस्त्याच्या टोकाला वळणावर करडी व्हॅन दिसली. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. आणखी थोडी जवळ येऊ दे, मग पाऊल टाकायचं, असं ठरवून ते उभे राहिले. आणि तेवढ्यात समोरच्या कडेला त्यांना मुलगी दिसली. हातात डब्याची पिशवी.

मुलीने त्यांना पाहिलं. तिचा चेहरा उजळला. आणि ती सरळ रस्त्यात उतरली.

मान ताठ. इकडे नाही, तिकडे नाही. नजर फक्त वडिलांवर.

"थांब!" हवालदार ओरडले. त्यांनी दोन्ही हात पसरले, जन्मभर पसरले तसे. पण हात चौकड्यांच्या शर्टात होते. एक गाडी हॉर्न वाजवत मुलीच्या पुढ्यातून सुसाट निघून गेली. त्या गाडीच्या मागे करडी व्हॅन होती.

व्हॅन थांबली. कचकचून ब्रेक लावून नव्हे. ती लांबूनच हळू होत आली होती आणि पट्ट्यांच्या बरीच अलीकडे उभी राहिली. मागच्या दांडीवरचे शर्ट सगळे मिळून पुढे झुकले आणि पुन्हा जागेवर आले. मुलगी व्हॅनसमोरून शांतपणे चालत आली.

"काय झालं बाबा? ओरडलात कशाला?"

"बघितलं का नाहीस तू?"

"कुठे?"

"गाड्यांकडे!"

"तुम्ही समोर होतात ना, बाबा."

हे ती इतक्या सहज बोलली, की बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिने त्यांच्या अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं. मग मागे वळून पट्ट्यांकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला आणि ती तिथेच फुटपाथवर मटकन बसली.

"आई पण अशीच आली असेल," ती म्हणाली. "बाबा, आई पण अशीच आली असेल हो."

हवालदारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वर्षभर ते ज्याला खोटं म्हणत होते, ते त्यांनी आत्ता उभं राहून डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनीच बायकोला राणीसारखं चालवलं होतं. सगळं गाव तिच्यासाठी थांबवून दाखवलं होतं, आणि आपण नसलो तर काय करायचं, ते सांगायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

रस्त्यावर हॉर्न कोकलत होते. व्हॅन अजून जागची हलली नव्हती. मागे गाड्यांची रांग लागली होती. पावतीबाई पळत आली.

"काका, हा असाच आहे. रोज इथे थांबतो. पट्ट्यांवर चिटपाखरू नसलं तरी थांबतो, मागचे शिव्या घालतात. आज तर हलायलाच तयार नाही. रस्ता अडवला म्हणून फाडू का पावती?"

"रोज थांबतो?"

"तुम्हाला माहीत नाही? तुमच्यासमोरच तर..." पावतीबाईला मग आठवलं, व्हॅन आली की काका पाठ फिरवतात.

हवालदार व्हॅनपाशी गेले. काच खाली होती. आतून गरम इस्त्रीचा वास येत होता. लॉन्ड्रीवाल्याने दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून ठेवलं होतं आणि मान खाली घातली होती. त्याचे केस वर्षभरात बरेच पिकले होते. हे हवालदारांना कुठून माहीत असणार, त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

"साहेब, मी थांबलो होतो," तो म्हणाला. "आज मी थांबलो होतो."

"पाहिलं मी."

मागचा बसवाला तोंड बाहेर काढून काहीतरी ओरडला.

"कोर्टात तुम्ही म्हणालात, ती बघत नव्हती," हवालदार म्हणाले.

"चुकलं साहेब. गेलेल्या माणसाबद्दल तसं बोलायला नको होतं."

"नाही. खरं होतं ते. तिला बघायची सवय नव्हती. मी लावली नाही."

लॉन्ड्रीवाल्याने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. "पण मी तर बघत होतो ना, साहेब. मला त्या दिसल्या होत्या. मला वाटलं, त्या थांबतील. त्यांना वाटलं असेल, मी थांबेन."

हवालदारांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि काढून घेतला. मग ते बाजूला झाले, फुटपाथच्या कडेला ताठ उभे राहिले आणि हात पुढे करून त्यांनी निघायची खूण केली. चौकड्यांच्या शर्टातला तो हात दिवसभरात एवढ्या एकाच माणसाने मानला. व्हॅन हळूच निघाली. शर्ट मागे झुकले, सरळ झाले आणि गेले.

"पावती, काका?" पावतीबाईने हळू आवाजात विचारलं.

"कसली? तो थांबला होता."

मुलगी उठली होती. तिने डोळे पुसले, डब्याची पिशवी उचलली. जेवायची इच्छा दोघांनाही उरली नव्हती.

"चल, तुला पलीकडे सोडतो," हवालदार म्हणाले.

दोघं पट्ट्यांपाशी आले. व्हॅनमागे तुंबलेल्या गाड्या आता वेळ भरून काढायच्या घाईत एकामागून एक सुटल्या होत्या. हवालदारांचा हात आपोआप वर गेला. खांद्याच्या वर गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी तो खाली आणला आणि मुलीचा हात धरला, ती शाळेत जायची तेव्हासुद्धा त्यांनी तसा कधी धरला नव्हता. तेव्हा गरजच पडायची नाही.

"त्याच्या डोळ्यांत बघ," ते म्हणाले. "गाडीकडे नाही, चालवणाऱ्याच्या डोळ्यांत. त्याने आपल्याला पाहिलं असं वाटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"बरं."

"माझ्याकडे बघू नकोस. तिकडे बघ."

मुलीने मान वळवली. गाड्या जात होत्या. बाप आणि लेक कडेला उभे राहून बघत होते.